सेवेच्या हिशेबात स्वतःचं नाव

पेशंट ‘एक्स्पायर’ झाला की वॉर्डात पुढच्या पाऊण तासात काय काय करायचं, ते नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवलेलं असतं. डॉक्टर ईसीजीची सरळ रेघ काढून घेतात, वेळ लिहितात. सिस्टर सलाईन बंद करते, राइल्स ट्यूब आणि कॅथेटर काढते, डोळे मिटवते, जबडा बांधते, अंग पुसते, नावाची आणि नोंदणी क्रमांकाची पट्टी बांधते. नातेवाइकांच्या सह्या होतात, अंगावरचे दागिने मोजून दिले जातात. मामा ट्रॉली आणतात. मावशी पलंग, गादी, लॉकर जंतुनाशकानं पुसून काढतात, नवी चादर पडते आणि कॅज्युअल्टीतून फोन येतो: बेड झाला का? या कामातल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं आहे. ज्या सिस्टरनं त्या माणसाला चार दिवस भरवलं, कूस बदलून दिली, त्याच्या मुलीला दोनदा धीर दिला, तिनं या मृत्यूचं काय करायचं, ते मात्र कुठल्याही रजिस्टरात लिहिलेलं नाही. ती ओव्हर देते आणि बस पकडते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स नावाच्या एका परिचारकाला हेच खटकलं. शर्थ करूनही पेशंट हातचा गेला की सगळी टीम हातमोजे काढून भराभर पांगते, आणि प्रत्येक जण आपापलं ओझं घेऊन पुढच्या कामाला लागतो. बार्टल्सनी सुचवलं की सगळ्यांनी आहे तिथेच थांबावं. हा माणूस कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मित्र होता याची आठवण कुणीतरी दोन वाक्यांत द्यावी, आपण केलेल्या प्रयत्नांचाही मान राखावा, आणि मग मिनिटभर शांत राहावं. यात प्रार्थना नाही की कुठल्या धर्माचं नाव नाही. २०१४ साली परिचर्येच्या नियतकालिकात त्यांनी याबद्दल लिहिलं आणि ही पद्धत इतर रुग्णालयांतही गेली. मला यातला दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. गेलेल्याला मान देण्याची रीत आपल्याकडे भरपूर आहे. जे मागे उभे असतात त्यांच्या हातांनाही मान द्यायचा असतो, हे कुणी सांगत नाही.

हा लेख त्या हातांविषयी आहे: रुग्णालयातल्या आणि घरातल्याही. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत रुजली आहे. मी इथे तोच शब्द वापरणार आहे.

शुभंकराला ‘कशा आहात?’ असं विचारून पाहावं. उत्तर येतं, ‘आज दोन घास जास्त जेवले.’ किंवा, ‘रात्री झोप लागली त्यांना, तीनला उठले फक्त.’ प्रश्न आपल्याविषयी होता, हे तिच्या लक्षातच येत नाही. ‘तिच्या’ म्हणतो, कारण बहुतेक वेळा ती असते. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात वेळ देताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के, आणि वेळ देणाऱ्यांतही स्त्रियांची दिवसाला १४० मिनिटं, तर पुरुषांची ७४. यात मुलांचं संगोपनही धरलेलं आहे. पण ज्या घरात डिमेन्शिया, पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा स्किझोफ्रेनिया आहे, तिथली १४० मिनिटं न्याहारीच्या आधीच संपतात.

सासूबाई सकाळपासून अकराव्यांदा विचारतात, ‘दूध आलं का गं?’ पहिल्या पाच वेळा सून हसून सांगते. मग नुसतं ‘हो’. मग काहीच नाही. आणि अकराव्या वेळी आवाज चढतो. सासूबाई गप्प होतात, पदराशी चाळा करत बसतात. त्या क्षणापासून सुनेच्या डोक्यात दुसरंच काही सुरू होतं. आजारी माणसावर ओरडले. त्यांना कळत नाही, मला तर कळतं ना? आई असती तर ओरडले असते का? दुपारी ती प्रायश्चित्त म्हणून त्यांच्या आवडीची खीर करते, स्वतःची अर्ध्या तासाची झोप सोडते, आणि संध्याकाळपर्यंत इतकी थकते की सातच्या सुमारास पुन्हा आवाज चढतो. चिडणं, स्वतःला कोसणं, भरपाई म्हणून जास्त राबणं, त्यामुळे आणखी थकणं आणि पुन्हा चिडणं. वर्षानुवर्षं हे चाक फिरत राहतं. त्यातलं राबणं बाहेरच्यांना दिसतं आणि त्याचं कौतुकही होतं. कोसणं कुणालाच दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त शक्ती तेच खातं.

रुग्णालयातही हाच आवाज असतो, फक्त त्याचे शब्द तांत्रिक असतात. सॅच्युरेशन उतरतंय हे मला दहा मिनिटं आधी दिसायला हवं होतं. ती शीर मला पहिल्या प्रयत्नात का मिळाली नाही? न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली सेवाभावी माणसांच्या या जळून जाण्याला ‘बर्नआउट’ असं नाव दिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी ते मोजण्याची प्रश्नावली केली. १९९२मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी परिचारिकांविषयी लिहिताना करुणेलाच थकवा येतो असं म्हटलं. हे म्हणणं जगभर मान्य झालं आणि इतकं वापरलं गेलं की करुणा ही मोजून खर्च करायची शिल्लक आहे, अशी समजूत पक्की झाली. ती समजूत चुकीची असावी, असं सांगणारा एक प्रयोग आहे.

२००७ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट इथे मॅथ्यू रिकार्ड नावाचे भिक्षू मेंदूचा एमआरआय काढायच्या यंत्रात पडून होते. रिकार्ड मूळचे फ्रान्सचे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पेशींच्या अनुवंशशास्त्रात डॉक्टरेट केल्यावर त्यांनी हिमालयाची वाट धरली आणि तिबेटी बौद्ध परंपरेत भिक्षू झाले. यंत्राबाहेर तान्या सिंगर होत्या, दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्या मेंदूत काय होतं याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक. रिकार्डनी करुणेचं ध्यान सुरू केलं तेव्हा त्यांच्या मेंदूत वेदनेशी निगडित भाग अपेक्षेप्रमाणे उजळेनात. सिंगर यांनी त्यांना विचारलं, तुम्ही नक्की काय करता आहात? मग सुचवलं की करुणा बाजूला ठेवा, नुसतं दुसऱ्याच्या वेदनेत शिरा. रिकार्डनी रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांवर पाहिलेला माहितीपट आठवला: हाडं वर आलेली, खाटेवर डोलत राहणारी मुलं. त्या मुलांचं दुःख त्यांनी तासाभराच्या सत्रात पुन्हा पुन्हा जसंच्या तसं अंगावर घेतलं. आयुष्यभराची साधना असलेला हा माणूस त्यानंतर पार गळून गेला. आता थांबायचं की करुणेकडे वळायचं, असं विचारल्यावर त्यांनी करुणा निवडली. दृश्य तेच होतं, मुलं तीच होती. पण आता त्यांना जवळ घ्यावं, त्यांचं बरं व्हावं ही ओढ त्यात होती, आणि थकवा ओसरला.

एका साधकाच्या अनुभवावरून सगळ्यांविषयी बोलता येत नाही, म्हणून सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी ध्यानाची सवय नसलेल्या स्वयंसेवकांना आधी सहवेदनेचं आणि मग करुणेचं शिक्षण दिलं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहवेदनेच्या सरावानंतर, दुःखाची दृश्यं पाहताना लोकांची अस्वस्थता वाढलेली दिसली. करुणेच्या सरावानंतर ती उतरली आणि मनात ऊब परतली. मेंदूतही दोन्ही वेळा वेगवेगळे भाग काम करत होते. हे सहभागी निरोगी लोक होते, त्यांच्यापुढे फक्त चित्रफिती होत्या. तेवढ्यावरून आयसीयूतल्या सिस्टरांच्या बाबतीत छातीठोक बोलायचं नाही. तरीही यातून हाती लागणारी गोष्ट मोठी आहे. पेशंटच्या उशाशी दोन वेगळ्या प्रकारे बसता येतं. एकात त्याचं दुखणं आपल्यात उतरतं आणि आपण दोघंही बुडतो. दुसऱ्यात ते आपल्याला दिसतं, भिडतं, आणि आपण काठावर पाय रोवून हात पुढे करतो. थकवतं ते पहिलं.

हा फरक नवा नाही. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बसून बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ लिहिला. मेत्ता (मैत्रीभाव), करुणा, मुदिता, उपेक्खा या चार ब्रह्मविहारांची चर्चा करताना त्यांनी प्रत्येकाचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे क्रौर्य, ते कुणीही ओळखेल. जवळचा शत्रू म्हणजे शोक. तो करुणेच्या इतका शेजारी राहतो की तोच करुणा वाटतो. दुसऱ्यासाठी झुरणं म्हणजेच माया, असं मानत आलेल्या आपल्या घरांना हे ऐकायला जड जाईल. पण पंधराशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आणि मास्ट्रिक्टच्या यंत्रातलं चित्र एकाच ठिकाणी बोट ठेवतात.

बुद्धघोष आणखी एक सांगतात. मेत्तेची भावना सुरू करायची ती स्वतःपासून. मला सुख हवंसं वाटतं, दुःख नकोसं वाटतं, तसंच इतरांनाही वाटतं, ही साक्ष आधी स्वतःच्या मनातून काढायची आणि मग बाहेर पसरत जायचं. त्याच वेळी ते बजावतात की शंभर वर्षं फक्त स्वतःपुरतीच मेत्ता केली तरी चित्ताची पुढची अवस्था गाठता येणार नाही. म्हणजे स्वतःपासून सुरुवात करायची आहे, स्वतःपाशी थांबायचं नाही. स्वतःवरच्या दयेला स्वार्थ म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही एकत्र वाचावं.

महाराष्ट्रात ही परंपरा अनेकांना इगतपुरीच्या वाटेनं ठाऊक आहे. म्यानमारमध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले, आणि १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरं सुरू झाली. दहा दिवसांच्या मौनाची सांगता मेत्ता-भावनेनं होते. तिथून आलेल्या कितीतरी जणांनी तो शेवटचा दिवस सगळ्यात मऊ होता असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. पण ज्या बाईला दहा मिनिटं बाथरूमचं दार लावून घेता येत नाही, कारण बाहेर नवरा चाचपडत पडेल, तिला दहा दिवस कोण देणार? तिला जे शिकवायचं, ते त्या घराच्या आणि वॉर्डाच्या आत बसणारं हवं.

इथे टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांचं काम उपयोगी पडतं. नेफ स्वतः शुभंकर आहेत. त्यांच्या मुलाला लहानपणी ऑटिझमचं निदान झालं. विमानात मुलानं आकांत मांडला, सगळे प्रवासी माना वळवून बघत होते, बाथरूममध्ये न्यावं तर तेही कुणीतरी अडवलेलं. तेव्हा मुलाला सावरता येत नाही हे कळल्यावर त्यांनी निदान स्वतःला तरी सावरलं, हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. स्वकरुणा म्हणजे काय, ती मोजायची कशी, याची मांडणी त्यांनी २००३ साली केली होती. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात. चुकल्यावर वा दुखावल्यावर स्वतःशी मायेनं वागणं. हे दुःख माझ्या एकटीचं नाही, माणूस म्हणून जगणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला येतं, ही जाण. आणि जे होतंय ते न दाबता, न फुगवता पाहणं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांचा त्यांनी एका सहकाऱ्यासोबत केलेला अभ्यास २०१५ साली आला. मुलाच्या ऑटिझमची तीव्रता हिशेबात धरूनही, पालक स्वतःशी कसे वागतात यावर त्यांचं बरं असणं मोठ्या प्रमाणात अवलंबून होतं, असं त्यात दिसलं.

मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर गर्मर यांच्यासोबत नेफ यांनी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. पण रुग्णालयातल्या लोकांना आठवड्याला अडीच-तीन तास आणि घरी जाऊन ध्यान, हे परवडणारं नव्हतं. म्हणून ऑस्टिन शहरातल्या डेल चिल्ड्रन्स मेडिकल सेंटर या मुलांच्या रुग्णालयात त्याचं छोटं रूप करून पाहिलं गेलं: सहा आठवडे, दर आठवड्याला एक तास. घरी आसन घालून बसायची अट नाही. जे शिकायचं ते कामाच्या धबडग्यातच वापरायचं. २०२०मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहभागी लोकांची स्वतःबद्दलची करुणा वाढली, कामातलं समाधान वाढलं, दुसऱ्यांच्या आघातांचा ताण आणि जळून जाणं कमी झालं, आणि तीन महिन्यांनीही हा फरक टिकून होता. गट लहान होते, रुग्णालय एकच होतं, लोक आपणहून आले होते. म्हणून याला शेवटचा शब्द मानू नये. पण जे शिकवलं गेलं ते इतकं साधं आणि बिनखर्चाचं आहे, की ते नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात शरीरापासून होते. छातीवर हात ठेवायचा आणि त्याची ऊब जाणवू द्यायची. वॉर्डात दहा जण बघत असताना छातीवर हात ठेवणं अवघड वाटतं. मग एका हातानं दुसरा हात धरायचा, किंवा उभ्या जागी दोन्ही तळपायांखाली फरशी आहे, एवढंच लक्षात घ्यायचं. मग स्वतःशी तीन गोष्टी बोलायच्या. हा क्षण जड आहे. अशा कामात असे क्षण सगळ्यांना येतात. आत्ता मी स्वतःशी मायेनं वागेन. शब्द आपले आपण निवडावेत. पुस्तकी वाक्यं जिभेवर आली तरी मनात उतरत नाहीत. मराठी बाई स्वतःशी ‘मी सुखी होवो’ असं बोलत नाही. तिची थोरली बहीण तिला जे म्हणाली असती तेच तिनं स्वतःला म्हणावं: ‘दमलीस ना गं? फार झालं आज.’

आवाजाचा पोत इथे शब्दांइतकाच महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधल्या डर्बीचे मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी करुणेवर आधारलेली उपचारपद्धती उभी केली, ती याच निरीक्षणातून. नैराश्याचे रुग्ण स्वतःला समजावण्याची योग्य वाक्यं अचूक शिकत, पण मनातल्या मनात ती वाक्यं ज्या स्वरात म्हणत तो स्वर दरडावणीचा असे. ‘तुझी काही चूक नाही’ हे वाक्यही खेकसून म्हणता येतं. शुभंकरांनी एकदा कान देऊन ऐकावं, आपण स्वतःशी कुठल्या स्वरात बोलतो. तोच स्वर पेशंटसाठी वापरायची त्यांची हिंमत होणार नाही.

दुसरा सराव श्वासाचा. समोरचा माणूस कण्हतो आहे, आपल्याला तिथून उठता येत नाही. श्वास आत घेताना तो स्वतःसाठी घ्यायचा: थोडा धीर, थोडी उसंत. सोडताना तो त्याच्यासाठी सोडायचा. ज्याला जास्त गरज वाटेल त्याच्याकडे काही श्वास जास्त गेले तरी चालतं. सोबत एक समज मनाशी ठेवायची: याच्या दुखण्याचं कारण मी नाही, ते संपवणं पूर्णपणे माझ्या हातात नाही, तसं असावं असं मला कितीही वाटलं तरी, जे करता येईल ते मी करते आहे. बुद्धघोषांच्या यादीतली चौथी, उपेक्खा, ती हीच. मराठीत उपेक्षा म्हटलं की दुर्लक्ष आठवतं. इथे जवळ बसूनही तोल न जाणं अपेक्षित आहे.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? माझं म्हणणं असं की तो आधीच दिलेला आहे. दोन पेशंटच्या मध्ये सॅनिटायझर चोळायला वीस ते तीस सेकंद आणि साबणानं हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका पाळीत सिस्टर कितीतरी वेळा हात धुते. त्यातल्या निदान काही वेळा, बोटांच्या बेचक्यांत हात फिरत असताना, आधीचा पेशंट मागे राहू दे आणि श्वास एकदा माझ्यासाठी होऊ दे, एवढं जमेल. घरातल्या शुभंकरासाठी कुकरच्या शिट्ट्या आहेत, डायपर बदलून झाल्यावरचा नळ आहे.

एक इशारा देणं आवश्यक आहे. वर्षानुवर्षं स्वतःशी कठोर राहिलेल्या माणसानं पहिल्यांदा छातीवर हात ठेवला की कधी कधी बरं वाटण्याऐवजी हुंदका फुटतो, जुनं काहीतरी उसळून येतं. गर्मर यासाठी अग्निशमन दलातलं उदाहरण देतात: बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीचं दार उघडलं की हवा आत जाते आणि ज्वाळा बाहेर झेपावतात. असं झालं तर आपलं काही चुकलं असं समजू नये. तिथेच थांबावं, डोळे उघडावेत, तळपायांकडे लक्ष न्यावं, चहा करावा. वारंवार होत असेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर एकट्यानं ध्यान करत बसू नये, माणसाशी बोलावं. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

आपल्याकडे या सगळ्याला होणारा विरोध मात्र वेगळ्याच जागेवरून येतो. स्वतःला सवलत दिली तर हात ढिले पडतील, अशी भीती असते. बर्कलीच्या ज्युलियाना ब्रीन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२मध्ये दाखवलं की कठीण चाचणीत आपटी खाल्लेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःशी मायेनं वागायला सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी अभ्यासाला जास्त वेळ दिला. चुकीकडे बघायची भीती उरली नाही की माणूस चूक सुधारायला बसतो. औषधाचा डोस चुकल्यावर ज्या सिस्टरला स्वतःचीच इतकी धास्ती वाटते की ती चूक लपवते, तिच्या वॉर्डातला पेशंट अधिक धोक्यात असतो.

दुसरा विरोध सेवेच्या आदर्शातून येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली जवळपास बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, आंघोळ घातली, कूस बदलून दिली, आणि अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं या सेवेचा गौरव केला. तो योग्यच होता. जगाच्या परिचर्येच्या इतिहासात अशी उदाहरणं थोडी. पण विचार करा: आपल्याच गणवेशातली, आपल्याच इमारतीत घायाळ झालेली स्त्री रोज समोर, आणि रात्रपाळीला त्याच जिन्यांवरून ये-जा. एकामागून एक परिचारिकांच्या पिढ्यांनी ते मनात कसं वागवलं असेल? आपण त्यांना देवदूत म्हटलं. देवदूताला दमायची परवानगी नसते. असल्या कौतुकानं किती जणींचं तोंड बंद झालं असेल, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कौतुक स्वस्त पडतं. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा सेविकांना जागतिक पुरस्कार दिला. त्यानंतरच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. निवासी डॉक्टरांनी दिवसाला बारा तासांहून जास्त काम करू नये, असं केंद्राच्या १९९२च्या योजनेत लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यानंतर देशाला कळलं की छत्तीस-छत्तीस तासांची ड्युटी अजून चालू आहे. त्याच महिन्यात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाचा अहवाल आला. ऑनलाइन सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांनी स्वतःला इजा करण्याचे किंवा आयुष्य संपवण्याचे विचार आल्याचं नोंदवलं होतं. कृतिगटानं आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक सुट्टी, अशी शिफारस केली. म्हणजे जी सुधारणा सुचवली गेली, तीच ७४ तासांची आहे.

अशा ठिकाणी प्रशासनानं ध्यानाचा एक तास ठेवून फलक लावला आणि मनुष्यबळ तेवढंच ठेवलं, तर तो अन्याय होईल. अमेरिकन डॉक्टर सायमन टॅल्बट आणि मानसोपचारतज्ज्ञ वेंडी डीन यांनी २०१८ साली म्हटलं की डॉक्टर जळून जात नाहीत, त्यांच्या सद्सद्विवेकाला जखम होते आहे: पेशंटसाठी काय करायला हवं ते त्यांना माहीत असतं आणि व्यवस्था ते करू देत नाही. अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. सरकारी जनरल वॉर्डात एकदा उभं राहून मोजून पाहावं. जिथे एकटीवर तीस-चाळीस पेशंट आहेत, तिथे तिला ‘स्वतःशी मायेनं वाग’ एवढंच सांगणं म्हणजे व्यवस्थेची चूक तिच्या पदरात घालणं. तरीही मी या सरावाच्या बाजूनं आहे, कारण भरती होईपर्यंत ती तिथेच उभी असणार आहे. आणि कारण ज्या बाईला ‘मी कमी पडले’ एवढंच ऐकू येत असतं, तिला ‘इथे माणसं कमी आहेत’ हे म्हणायचं सुचतच नाही. अपराधी वाटणं थोडं सैल झालं की मागणी करता येते.

या चर्चेत नर्सिंग ब्युरोकडून घरोघरी येणाऱ्या बाया आणि दादा कुणाच्याच यादीत नसतात. बारा-बारा तास अनोळखी घरात, अनोळखी म्हाताऱ्याच्या उशाशी. तो माणूस गेला की त्यांचं त्या घराशी नातं त्याच दिवशी संपतं, कधी कधी तेराव्यालाही बोलावणं नसतं. त्यांच्या शोकाला जागाच नाही. कुठलाही अभ्यासक्रम मराठीत यायचा असेल तर तो आधी त्यांच्यापर्यंत जायला हवा.

नेफ यांच्या तीन गोष्टींपैकी दुसरी, म्हणजे हे माझ्या एकटीचं नाही ही जाण, महाराष्ट्रात आधीच पाय रोवून आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या पत्नीची काळजी घेतलेले, कॅल्गरीत स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. २००४चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून आला, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केलेला. त्यात आजारी भावाइतकीच त्याची बहीण आहे, तिची ओढाताण आहे. व्यसनमुक्तीसाठी १९८६पासून काम करणाऱ्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट भरतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा बैठकीत पहिल्यांदा आलेली बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसते. पलीकडची दुसरीच कुणी सांगत असते, ‘परवा इतकी चिडले त्यांच्यावर, ताटच आपटलं.’ कुणी उपदेश करत नाही, दोघी-तिघी नुसत्या मान हलवतात. कोपऱ्यातल्या बाईला कळतं की ताट आपण एकटीनं आपटलेलं नाही. या गटांना ध्यान शिकवायची फारशी गरज नाही. त्यांच्या बैठकीच्या शेवटी तो श्वासाचा सराव पाच मिनिटं घेतला तरी पुरे. एकटीनं पुस्तक वाचून शिकण्यापेक्षा तिथे तो जास्त लवकर अंगात मुरेल, असं मला वाटतं.

रुग्णालयांना मात्र नव्यानं काही करावं लागेल, आणि ते ड्युटीच्या वेळेतच करावं लागेल. पाळी संपल्यावर, लोकल चुकवून, ‘ज्यांना यायचं त्यांनी या’ असं ठेवलं तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या येणार नाहीत. त्यांच्या घरी दुसरी पाळी वाट बघत असते. ऑस्टिनचा अभ्यासक्रम एकूण सहा तासांचा आहे. सहा आठवड्यांच्या ड्युटी-चार्टवर एका वॉर्डासाठी सहा तास काढणं मेट्रनला जमण्यासारखं आहे. त्या प्रत्येक तासाला वॉर्ड सांभाळायला एक जादा सिस्टर लागेल, आणि तिची नेमणूक मागणाऱ्या पत्रावर अधीक्षकांची सही लागेल.